फायब्रॉइड आहेत म्हणून गर्भपिशवी काढायची का? कसं ठरवायचं

सोनोग्राफीत गाठी दिसल्या आणि डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाकू, तर त्याच खुर्चीत बसून ऑपरेशनची तारीख घेऊन येऊ नका. फायब्रॉइडसाठी आजच्या आज पिशवी काढायची वेळ फार क्वचित येते, बहुतेक वेळा महिना-दोन महिने विचार करायला मिळतात आणि ते घ्यायचेच. अपवाद एकच, की दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, सलग दोन-तीन तास हेच चाललंय, उभं राहिलं की चक्कर येतेय, जीव घाबरा होतोय, तर मात्र हे वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तिथेही आधी रक्तस्राव थांबवतात, गरज पडली तर रक्त चढवतात, पिशवीचं नंतर बघतात.

पहिली भीती असते कॅन्सरची, ती आधी बाजूला काढू. फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूचीच झालेली साधी गाठ, पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या पिशवीत एखादी तरी असतेच आणि कित्येकींना ते जन्मभर कळतही नाही. ह्या गाठींसारखा दिसणारा सार्कोमा नावाचा कॅन्सर असतो पण तो फारच दुर्मिळ, आणि साधी गाठ बसल्या बसल्या कॅन्सरची होते असं सहसा होत नाही, तो वेगळाच सुरू होतो. त्यामुळे "पुढे कॅन्सर होईल म्हणून आत्ताच काढा" असं कुणी म्हणालं तर नक्की कशावरून वाटतंय ते विचारा. पाळी कायमची बंद झाल्यावर गाठ वाढतेय, किंवा बंद झाल्यावर परत अंगावरून जायला लागलंय, अशी काही गोष्ट असेल तर शंका रास्त आहे, मग तपासण्या टाळू नका. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी बिघडली असेल तर पिशवीच्या अस्तराची बायोप्सी करायला सांगतात, तीही करून घ्या, ती कुठल्याही निर्णयाच्या आधी हवी.

आता मुख्य काम. त्रास मोजायचा. माझं स्पष्ट मत आहे की इलाज रिपोर्टचा नाही, त्रासाचा करायचा असतो, आणि त्रास नुसता आठवून सांगितला की एकतर कमी सांगितला जातो नाहीतर शेवटच्या भयंकर पाळीवरून सगळं ठरतं. दोन-तीन पाळ्या लिहून काढा. किती दिवस, जोर असतो त्या दिवशी किती पॅड, रात्री बदलायला उठावं लागतं का, गुठळ्या पडतात का आणि केवढ्या, किती दिवस काम बुडलं, कपडे किंवा गादी खराब झाली का, लघवीला किती वेळा जावं लागतं, बद्धकोष्ठ, कंबर, पोटाचा जडपणा. सोबत रक्ताची तपासणी, आणि त्यात नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन पण करा, कारण हिमोग्लोबिन ठीकठाक दिसतं आणि आतला लोहाचा साठा मात्र संपलेला असतो, मग जिने चढताना धाप, केस गळणं, सगळ्यावर चिडचिड, आणि बाई म्हणत बसते की वय झालं. थायरॉइडही बघून घ्या, त्यानेही पाळी बिघडते. एवढं सगळं केल्यावर उत्तर असं आलं की खरं म्हणजे मला रिपोर्ट सोडून काहीच त्रास नाहीये, तर विषय तिथेच थांबतो, सहा महिने-वर्षाने सोनोग्राफी करायची, बस.

त्रास आहे असं ठरलं की रिपोर्ट उघडा आणि साइजच्या आधी जागा शोधा. सबम्युकोसल म्हणजे गाठ आतल्या पोकळीत घुसलेली, इंट्राम्युरल म्हणजे भिंतीत, सबसेरोसल म्हणजे बाहेरच्या बाजूला, पेडनक्युलेटेड म्हणजे देठावर लोंबणारी. दीड-दोन सेंटीमीटरची गाठ पोकळीत असेल तर ती रक्ताचा पाट काढू शकते आणि सहा सेंटीमीटरची बाहेरच्या बाजूला असेल तर पाळीला तिचं काही देणंघेणं नसतं, ती फार तर लघवीच्या पिशवीवर दाब देईल. म्हणून "माझी गाठ तिच्यापेक्षा मोठी आहे" ह्या तुलनेला काही अर्थ नाही. रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनोमायोसिस असा शब्द आहे का तेही बघा. त्यात अस्तराचा भाग भिंतीत शिरलेला असतो, पाळीत दुखतं जास्त, आणि तो असेल तर नुसत्या गाठी काढून दुखणं जाईलच असं नाही. गोंधळ असेल तर एमआरआयने बरंच स्पष्ट होतं.

साइजबद्दल दोन गोष्टी. "पिशवी चौदा आठवड्यांची झालीय" असं सांगितलं की धस्स होतं, पण त्याचा अर्थ एवढाच की चौदा आठवड्यांच्या गरोदरपणात जेवढी असते तेवढी मोठी झालीय. बारा आठवड्यांच्या वर गेली की काढायचीच असा एक जुना नियम होता, त्रास असो नसो, तो आता धरत नाहीत. दुसरं म्हणजे सहा महिन्यांत 4 ची 4.5 सेंटीमीटर झाली म्हणून घाबरू नका, मोजणारा बदलला तरी एवढा फरक येतो. उलट गोळीने किंवा प्रोसिजरने गाठ निम्मी होईल असं सांगितलं तर तेही नीट समजून घ्या, निम्मं होतं ते घनफळ, 8 सेंटीमीटरची गाठ निम्मी झाली तरी रिपोर्टवर साधारण 6.3 दिसते, आणि बायकांना वाटतं काहीच फरक पडला नाही.

मग वय, म्हणजे खरं तर पाळी जायला अंदाजे किती वर्षं उरलीत ते. पाळी गेली की हार्मोन कमी होतात, गाठी सहसा आक्रसतात आणि रक्तस्राव तर थांबतोच. 49 वर्षांच्या बाईला वर्ष-दोन वर्षं गोळ्यांवर निभावून नेता आलं तर ऑपरेशन टळू शकतं. तेच 39 असेल तर दहा-बारा वर्षं निभावणं म्हणजे गंमत नाही. आणि मूल हवंय का, किंवा "माहीत नाही" असं जरी उत्तर असेल, तरी पिशवी काढणं आत्ता यादीतून बाहेर, कारण ते परत फिरवता येत नाही.

पर्यायांचं म्हणाल तर हलक्याकडून जडाकडे जायचं, एकदम शेवटच्या पायरीवर उडी नको. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात, फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, पण पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हार्मोनची कॉपरटीसारखी वस्तू मिळते, मिरेना नावाने माहीत असेल, ती पाच वर्षं किंवा जास्तही चालते आणि जास्त रक्तस्रावाला फार गुणकारी आहे, मात्र गाठीने पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर ती नीट बसत नाही, निसटूही शकते. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं गाठी लहान करतात पण पाळी गेल्यासारखे गरम झटके येतात, हाडं विरळ होतात, आणि थांबवली की गाठी परत वाढतात, त्यामुळे ती बहुतेक ऑपरेशनच्या आधी तीनेक महिने रक्त भरून काढायला आणि गाठ लहान करायला वापरतात. हल्ली रेलुगोलिक्ससारख्या गोळ्याही आल्यात, सोबत थोडं हार्मोन घालून देतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर मायोमेक्टॉमी, म्हणजे गाठी काढायच्या आणि पिशवी ठेवायची. गाठ पोकळीत असेल तर खालूनच दुर्बीण घालून काढतात, पोटावर एक टाका नाही, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी सोडतात, आणि अशा गाठीसाठी थेट पिशवी काढायला निघणं मला तरी समजत नाही. भिंतीतल्या गाठींना पोटातून दुर्बिणीने किंवा उघडून जावं लागतं, आणि काही वर्षांत नवीन गाठी येऊ शकतात हे मान्य करूनच हा रस्ता घ्यायचा. एम्बोलायझेशन म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा बंद करणं, हे 1990च्या दशकापासून चालू आहे, पिशवी राहते, पण पहिले एक-दोन दिवस बरंच दुखतं आणि पाचेक वर्षांत अंदाजे चार-पाच जणींतल्या एकीला परत काहीतरी करावं लागतं. मूल हवं असेल तर सहसा हा पहिला पर्याय म्हणून देत नाहीत. एक लक्षात घ्या, एम्बोलायझेशन गायनॅक करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेवर बघत नळीने इलाज करणारे डॉक्टर, करतात, त्यामुळे गायनॅककडे हा विषय निघेलच असं नाही, तुम्हीच काढा. आणि सर्जनला सरळ विचारा, "माझी ही गाठ दुर्बिणीने निघेल का, आणि तुम्ही स्वतः ते ऑपरेशन नेहमी करता का?" ज्याला जे येतं ते तो सुचवतो, ह्यात वाईट काही नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं. सेकंड ओपिनियन घेतलं म्हणून कुठलाही बरा डॉक्टर रागवत नाही.

आता दुसरी बाजू, कारण पिशवी काढणं म्हणजे जणू हरणं असंही काही लोक बोलतात आणि ते मला अजिबात पटत नाही. मूल नकोय, गोळ्या, मिरेना करून झालंय, हिमोग्लोबिन सात-आठच्या वर चढत नाही, गाठी दहा-बारा आहेत, पाळी जायला सात-आठ वर्षं आहेत, तर पिशवी काढणं हा सरळ आणि चांगला निर्णय आहे. हा एकच इलाज असा आहे की गाठी परत येत नाहीत आणि पाळीचा प्रश्न कायमचा मिटतो. ज्यांनी नीट विचार करून काढली त्यातल्या बहुतेकजणी नंतर समाधानी असतात. किंमत मोजावी लागतेच, मोठं ऑपरेशन आहे, रक्तस्राव, इन्फेक्शन, पायात रक्ताच्या गुठळ्या, लघवीच्या पिशवीला किंवा नळीला इजा, हे धोके कमी असले तरी असतात. आधी रक्त भरून घ्या, गोळ्यांनी नाहीतर शिरेतून लोह घेऊन.

काढायचं ठरलं की खरा महत्त्वाचा प्रश्न असतो काय काय काढणार, आणि हा बऱ्याचजणी विचारतच नाहीत. पिशवी वेगळी, अंडाशय वेगळे. पिशवी काढली की पाळी थांबते पण अंडाशय ठेवले तर हार्मोन चालू राहतात (पाळी जायची वेळ थोडी अलीकडे येऊ शकते एवढंच). अंडाशयही काढले तर दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज, आणि कमी वयात ते झालं तर हाडं आणि हृदय दोन्हीवर परिणाम होतो. "काढतोच आहोत तर तेही काढून टाकू" हे वाक्य ऐकलं की थांबवा आणि कारण विचारा. घराण्यात अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी. गर्भनळ्या काढणं मात्र हल्ली सुचवतात, त्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो आणि हार्मोनला धक्का लागत नाही. पिशवीचं तोंड ठेवलं तर पॅप स्मीअर, म्हणजे त्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, चालू ठेवावी लागते, कधी कधी महिन्याला थोडे डागही दिसतात. हे सगळं संमतीपत्रावर लिहिलेलं असतं, सही करायच्या आधी वाचा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी स्ट्रेचरवर नाही.

रस्ता कुठला तेही विचारा. खालून किंवा दुर्बिणीने झालं तर दोन-चार आठवड्यांत बाई हिंडूफिरू लागते, पोट उघडून झालं तर सहा-आठ आठवडे धरा. वजन उचलायचं नाही हे दोन्हीकडे साधारण सहा आठवडे. मोठी पिशवी दुर्बिणीने काढताना तुकडे करावे लागतात, ते पोटात प्लास्टिकची बंद थैली घालून तिच्या आत करणार का हे नक्की विचारा, न ओळखलेला कॅन्सर पोटात पसरू नये म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरणांच्या नियामक संस्थेने, 2014 मध्ये ह्याबाबत इशारा दिला होता. शरीरसंबंध साधारण दोन महिन्यांनी, आतला टाका भरलाय असं तपासून सांगितल्यावर, आणि त्यात कायमचा बिघाड होतो ही भीती बहुतेकींच्या बाबतीत खरी ठरत नाही, रक्तस्राव आणि दुखणं गेल्यामुळे उलट सोपं जातं.

घरच्यांशी बोला, पण लिहिलेली वही त्यांच्यासमोर ठेवून बोला. दर महिन्याला काय होतं हे नवऱ्याला आणि मुलांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. नाहीच ठरत असेल तर तीन महिन्यांची मुदत घ्या, एक औषध नीट नियमाने घ्या, रोज वही भरा, आणि तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे ती घेऊन जा. ऑपरेशन झालं तर काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट स्वतः जाऊन आणा, वाचा आणि फाइलला लावा, नाहीतर टाके निघाले की तिकडे परत कुणी फिरकत नाही.