आधी घरी फोन, मग रिव्ह्यूची लिंक

वृद्ध आणि आजारी माणसांची घरी जाऊन देखभाल करण्याची सेवा सुरू केली, तेव्हा पहिले सहा महिने आमच्या गुगल प्रोफाइलवर एकही रिव्ह्यू नव्हता. कामं ओळखीतून मिळत होती. मग एक दिवस पहिला रिव्ह्यू आला, आणि तो एक स्टारचा होता.

झालं होतं असं. रात्रपाळीच्या मावशींना ताप आला. त्यांनी संध्याकाळीच कळवलं, मी लगेच बदली शोधायला लागले. बदली मावशी मिळाल्या, पण आठची ड्यूटी असताना त्या घरी पोचल्या साडेदहाला. तोवर मी सारखी फोनवर होते. फक्त ज्या घरी आजोबा अंथरुणाला खिळून होते, त्या घरी मी एकही फोन केला नव्हता. त्यांच्या मुलीने उशिराबद्दल फारसं लिहिलंच नाही. तिने लिहिलं होतं, ‘कुणी येणार आहे की नाही, एवढं तरी सांगायचं.’

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी तेच वाक्य आधी सांगते. आपण ज्यांची काळजी घेतो ते आजी-आजोबा सहसा रिव्ह्यू लिहीत नाहीत. लिहितात त्यांची मुलं, सुना, जावई, आणि बरेचदा ते त्या खोलीत नसतात. कामावर असतात, परगावी असतात. मावशींनी किती हलक्या हाताने कूस बदलली हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो आपला फोन आणि आपला निरोप.

म्हणून मी रोज दोन निरोप सुरू केले, एक दुपारी आणि एक ड्यूटी बदलताना. ‘सगळं ठीक आहे’ एवढंच लिहायचं नाही, हा नियम. काय खाल्लं, औषध किती वाजता दिलं, लघवी-शौच झालं का, किती वेळ उठून बसले, कूस कधी बदलली. लिहायला जमत नसेल त्या मावशी बोलून व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि खरं तर घरच्यांना तेच जास्त आवडतं. मागून आजींचा आवाज ऐकू येतो ना! वाईट बातमीसुद्धा त्याच दिवशी जाते. एकदा माकडहाडापाशी लाली दिसली, तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘कळवलं तर आपल्यावरच येईल.’ मी लगेच कळवलं आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. जखम होण्याआधीच उपाय झाला. पुढे त्याच घराने रिव्ह्यूत लिहिलं की हे लोक काही लपवत नाहीत.

आता रिव्ह्यू मागायचा कधी? मी सुरुवातीला बिलासोबत लिंक पाठवायचे. ती चूक होती. बिल हातात असताना माणूस हिशेबात असतो. साधारण तीन-चार आठवड्यांनी घडी बसते, मावशी आणि पेशंट एकमेकांना रुळतात, तेव्हा मी स्वतः फोन करते. आधी कसं चाललंय ते विचारते, तक्रार असेल तर लिहून घेते, आणि शेवटी सांगते, ‘वेळ मिळाला तर अनुभव लिहा, चांगला-वाईट जसा असेल तसा.’ फोन ठेवल्यावर लिंक पाठवते. गुगल प्रोफाइलमध्येच ती लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो.

आपली बरीच कामं मृत्यूने संपतात. त्या घरी मी भेटायला जाते. लिंक कधीच पाठवत नाही, महिन्याने नाही आणि वर्षानेही नाही. काही जण नंतर आपणहून लिहितात. ते वाचताना आजही माझे डोळे भरून येतात.

‘पाच स्टार द्या’ असं म्हणू नका, मजकूरही लिहून देऊ नका. ‘काय लिहू?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणते, ‘आम्हाला बोलवावं की नाही अशा विचारात असलेल्या घराला तुम्ही काय सांगाल?’ मग लोक खरं काहीतरी लिहितात. एका सुनेने लिहिलं, ‘मावशी अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघतात, मगच सासूबाईंच्या अंगावर घालतात.’ ‘उत्तम सेवा’ असे दहा रिव्ह्यू एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. त्यानंतर फोन करणाऱ्या दोघांनी त्या मनगटाचाच उल्लेख केला.

रिव्ह्यूच्या बदल्यात बिलात सूट देणं, फक्त खूश असलेल्या ग्राहकांकडूनच मागणं, आपल्याच स्टाफला लिहायला लावणं, वाईट रिव्ह्यू काढण्यासाठी काही देऊ करणं, हे सगळं गुगलच्या नियमांत बसत नाही. नियम नसते तरी मी हे केलं नसतं. कुणीतरी आपल्या आईला परक्या माणसाच्या हाती सोपवायचं की नाही हे त्या मजकुरावरून ठरवत असतं.

उत्तर देताना सर्वात जास्त जपायचं. त्या मुलीला मी पहिलं उत्तर रागात लिहिलं. आजोबांचा आजार, घरात कोण असतं, सगळं त्यात आलं. तासाभराने भान आलं आणि मी ते काढून टाकलं. अमेरिकेत २०१९ मध्ये एका दंतवैद्यक दवाखान्याला ऑनलाइन रिव्ह्यूच्या उत्तरात पेशंटची माहिती उघड केल्याबद्दल १०,००० डॉलर भरावे लागले होते. दंडाचं सोडा, आजोबांचं आजारपण जगाला सांगायचा मला अधिकारच नव्हता. आता मी तीन ओळी लिहिते: माफी, आम्ही काय बदललं, आणि बोलण्यासाठी नंबर. पेशंटबद्दल एक अक्षरही नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की रिव्ह्यू आपल्याला पुसता येत नाही. नियम मोडणारा असेल तर गुगलकडे तक्रार करता येते, पण आपल्याला झोंबला एवढं कारण पुरत नाही.

त्या मुलीला मी नंतर फोन केला आणि वीस मिनिटं ऐकून घेतलं. रिव्ह्यू बदला असं म्हटलं नाही, तिनेही बदलला नाही. तो अजून तिथेच आहे. गेल्या महिन्यात एका बाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, ‘तो एक स्टारचा काय प्रकार होता?’ मी झालं ते सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आता मावशी आजारी पडल्या तर पहिला फोन कुणाला करता?’

‘घरी. बदली शोधायच्या आधी.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘मग सोमवारपासून पाठवा.’