कोरियन ‘दाल्था’ शिकायचंय? आधी ‘झिजणे’ आठवा

घासून घासून जे कमी होतं, त्याच्यासाठी कोरियनमध्ये क्रियापद आहे ‘दाल्था’. इंग्रजी अर्थावरून ते शिकू नका. तिथे बूट, कपडा आणि दमलेला माणूस सगळे एकाच शब्दात कोंबलेले असतात. आपलं ‘झिजणे’ जास्त जवळचं.

सुरुवात उच्चारापासून करा, कारण खरी मेख तिथेच आहे. धातूच्या शेवटी दोन अक्षरं जोडून लिहितात: रिउल (ल) आणि हिउत (ह). हा ‘ह’ स्वतः ऐकू येत नाही, पण पुढच्या व्यंजनात शिरतो. पुढे जोडलेल्या ‘दा’ प्रत्ययाचा ‘था’ होतो, ‘गो’ प्रत्ययाचा ‘खो’: दाल्था, दाल्खो. पुढे स्वर आला की ‘ह’ गायब आणि ‘ल’चा ‘र’: दारायो (झिजतं), दारास्सॉयो (झिजलं). कानाला ‘दारा’ ऐकू येतं आणि वहीत मात्र लपलेला ‘ह’ लिहावा लागतो. ही रूपं हाताने लिहून काढा, नुसती वाचून बसत नाहीत.

मग पायातला बूट काढून उलटा करा. टाचेची बाहेरची कड तिरकी खाल्ली गेलेली दिसेल. तिच्याकडे बघत म्हणा: ‘गुदू गुबी दारास्सॉयो’, बुटाची टाच झिजलीय. आत्ताची अवस्था सांगायलाही रूप भूतकाळाचंच.

एका ठिकाणी मराठी फसवते. मोबाइलची बॅटरी आपल्याकडे उतरते, कोरियात झिजते: ‘बेथॉरिगा प्पाल्ली दारायो’, बॅटरी भराभर उतरते. उलट मोजा विरून भोक पडलं तर ‘हेजिदा’, घर जुनंपुराणं असेल तर ‘नाक्ता’, आणि तुम्ही स्वतः थकलात तर ‘जिछिदा’.

आता ‘दाल्थोरोक’, म्हणजे ‘झिजेपर्यंत’, हे रूप पाठ करा. ‘मुन्जिबांगी दाल्थोरोक’ म्हणजे उंबरठा झिजेपर्यंत ये-जा करणं. आपण उंबरठे झिजवतो तेच. फक्त आपल्या उंबरठ्याला सरकारी कचेरीचा वास येतो, त्यांचा नुसत्या वरचेवर जाण्यालाही चालतो. ‘इबी दाल्थोरोक’ म्हणजे तोंड झिजेपर्यंत, सांगून सांगून. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत हे रूप आहे: पूर्व समुद्र आटेपर्यंत आणि बेक्दूसान पर्वत झिजेपर्यंत.

आईबाबांच्या कष्टांबद्दल बोलायचं तर ‘सोनबारी दाल्थोरोक’, हातपाय झिजेपर्यंत. पण ‘चंदनासारखा झिजलेला माणूस’ म्हणायला जाऊन कुणाला ‘दाल्खो दारुन साराम’ म्हणू नका. शब्दशः ते ‘झिजून झिजलेला माणूस’ असलं, तरी अर्थ निघतो बारा गावचं पाणी प्यालेला, बनेल.