हातात धरायचा चार्जिंगचा पंखा घेताय? या चुका टाळा

पहिली चूक खरेदीच्या आधीच होते. हा पंखा हवा गार करेल असं आपण धरून चालतो. कुठलाच साधा पंखा हवा गार करत नाही. वाऱ्याने अंगावरचा घाम लवकर वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून बरं वाटतं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून तापली की पंखा अंगावर गरम झोत सोडू लागतो. अशा वेळी चेहरा, मान आणि हात ओले करा, मग पंखा धरा. पारा ४०च्या वर गेला असेल तर मात्र पंख्याच्या भरवशावर राहू नका, गार जागी जा. घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं, कारण त्यांना घाम कमी येतो.

दुसरी चूक म्हणजे खोक्यावरचे आकडे खरे मानणं. बऱ्याच छोट्या पंख्यांत १८६५० प्रकारचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. अशा एका चांगल्या सेलची क्षमता २००० ते ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास असते. एकाच सेलच्या पंख्यावर ९००० एमएएच छापलेलं दिसलं तर तो पंखा खुशाल बाजूला ठेवा. जो आकडा फुगवतो, त्याने आतल्या वायरी तरी नीट जोडल्या असतील का?

‘इतके तास चालतो’ हा दावा बहुधा सगळ्यात कमी स्पीडचा असतो. पात्यांचा वेग दुप्पट केला की वीज सुमारे आठपट लागते. २००० एमएएचच्या सेलमध्ये ७.४ वॉट-तास ऊर्जा मावते. १ वॉटवर पंखा सात तास निघेल, ४ वॉटवर दोन तासही नाही. म्हणून मधल्या स्पीडला किती वेळ चालतो ते विचारा. शंभर स्पीडचं कौतुक नको, तीन पुरतात.

हातात धरून न बघता घेणंही टाळा. दहा मिनिटांत मनगट दुखवणारा पंखा पिशवीतच पडून राहतो. जाळी मागून-पुढून बारीक हवी. लांब केस बहुतेक वेळा मागच्या बाजूनेच ओढले जातात, आणि गळ्यात घालायच्या ‘बिनपात्याच्या’ पंख्यांतही पाती आत असतातच. जाळी निघणारी असेल तर उत्तम, साफसफाई सोपी होते. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर कमी आवाज करते आणि जास्त टिकते, तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. फवारा सोडणारा पंखा कोरड्या हवेतच कामाचा. दमट हवेत तो नुसता चिकचिकाट करतो.

घेतल्यावर अडलं तर?

चार्जच होत नसेल तर पंखा बिघडला असं लगेच समजू नका. काही स्वस्त पंखे दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा.

बटण दाबूनही सुरू होत नसेल तर लॉक लागलेलं असू शकतं, काही सेकंद दाबून धरा. वारा मंदावला तर जाळीतली धूळ आणि पात्यांच्या दांड्याला गुंडाळलेले केस काढा, अर्थात पंखा बंद करून. खडखड वाजत असेल तर पातं नीट बसलंय का पाहा.

उन्हात उभ्या गाडीत पंखा ठेवू नका, सेल तापून खराब होतो. हंगाम संपला की निम्मा चार्ज करून ठेवा. बॅटरी फुगली किंवा वास येऊ लागला तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका. चार्जिंग थांबवा, सेलला टोचू नका आणि पंखा ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही.