साताऱ्यात दोघांनी फिरायचं तर ठिकाण नंतर, आधी वेळ ठरवा

पुण्या-मुंबईचे मित्र साताऱ्याला येतो म्हणाले की पहिला प्रश्न ठरलेला, काय काय बघायचं? आणि आमच्या घरात याची कायम दोन उत्तरं मिळतात, कारण नवऱ्याला गड आणि चढण पाहिजे आणि मला पाणी आणि जुनं दगडी काम. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे, इथं कुठं जाताय यापेक्षा कधी जाताय त्याला जास्त महत्त्व आहे. तेच कासचं फुलांचं पठार मंगळवारी सकाळी बघा आणि रविवारी भर दुपारी बघा, तुम्हाला पटणार नाही की एकच जागा आहे. म्हणून खाली जे लिहितेय ते त्याच हिशोबानं वाचा, सगळं एका शनिवार-रविवारात कोंबायला जाऊ नका.

सुरुवात शहरालगतच्या अजिंक्यतारा किल्ल्यापासून करा, आणि ती सकाळी उजाडता उजाडता. गाडी वर दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते पण चालत जा, शहरातली अर्धी रिटायर्ड मंडळी रोज चढतात, तुम्हाला काय जड आहे. वर आकाशवाणी-दूरदर्शनचे टॉवर आहेत, मंगळाई देवीचं मंदिर आहे, तळी आहेत, पण खरी मजा तटावरून फिरण्यात, कारण इथून आख्खा नकाशा समजतो. खाली सातारा, एका बाजूला यवतेश्वरचा डोंगर, दुसरीकडं जरंडेश्वर, आणि हवा स्वच्छ असेल तर सज्जनगडसुद्धा. पुढच्या दोन दिवसांत कुठं जायचंय ते तिथंच उभं राहून ठरवा, मोबाईलच्या मॅपपेक्षा बरं. संध्याकाळी परत चढायचा कंटाळा आला तर त्याच डोंगराच्या उतारावर 'चार भिंती' नावाची जागा आहे, १८३० साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी बांधलेली. शहरातले दिवे लागताना बघायचे तर ही जागा. कॉलेजची पोरं असतात भरपूर, त्यांना त्यांचं काम करू द्या.

आता शहराजवळच्या बोगद्याकडून बाहेर पडणारी सज्जनगड-ठोसेघरची बाजू. बहुतेक लोक आधी सज्जनगड मग ठोसेघर मग चाळकेवाडी असं जातात. तुम्ही उलटं करा. सकाळी लवकर निघून थेट वर चाळकेवाडीच्या पठारावर जा, पवनचक्क्यांच्या खाली गाडी लावा, काच खाली करा आणि नुसतं ऐका, पात्यांचा घूं घूं आवाज येतो तो फोटोत कधीच येत नाही. मग परत फिरताना ठोसेघरचा धबधबा. साताऱ्यापासून साधारण २६ किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये इथं धुकं असं उतरतं की समोर फक्त पांढरं, धबधब्याचा नुसता आवाज. लोक पाच मिनिटं थांबतात, वैतागतात, सेल्फी काढून जातात. थांबा. वाऱ्याचा एक झोत आला की पडदा सरकतो आणि आख्खी दरी दिसते, मग परत बंद. आम्ही थर्मासमध्ये चहा नेतो तो याच्यासाठीच. आणि रेलिंगच्या पलीकडं जाऊन खाली वाकून रील काढणारे दरवर्षी दिसतात, कृपा करून त्यातले होऊ नका, तो दगड शेवाळानं साबणासारखा होतो.

असं उतरत उतरत सज्जनगडावर दुपारच्या प्रसादाच्या वेळेला पोचता येतं, म्हणूनच हा उलटा क्रम. गाडीतळापासून पायऱ्या आहेत पण दमवणाऱ्या नाहीत, वाटेत माकडं आहेत ती मात्र दमवतात, हातातली पिशवी आत ठेवा. हा मूळचा परळीचा किल्ला, समर्थ रामदास इथं राहिले आणि १६८२ साली इथंच गेले, राममंदिराच्या खाली तळघरात त्यांची समाधी आहे. तिथं शांत बसायचं, बोलायचं नाही. दर्शन झालं की लगेच खाली पळू नका, गडाच्या टोकाला धाब्याचा मारुती आहे तिथपर्यंत चाला, खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. वारा एवढा की ओढणी सांभाळायला दोन हात कमी पडतात. नवऱ्याच्या मते साताऱ्यातली सगळ्यात चांगली झोप प्रसादानंतर तिथल्या सावलीत लागते, मी यावर काही बोलत नाही.

कासबद्दल जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. शहरापासून साधारण २५ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात हे पठार आहे, आणि तेव्हापासून गर्दी विचारू नका. फुलांचा हंगाम ढोबळमानानं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पण तारीख कोणी सांगू शकत नाही, सगळं पाऊस आणि उघडीप यांच्यावर. नुसता पाऊस चालू असेल तर फुलं मिटलेली, धुकं, काही नाही. सलग दोन-तीन दिवस ऊन-पाऊस असं झालं की समजायचं आता निघा. बुकिंग ऑनलाइन आधी करायचं, रोजच्या माणसांची मर्यादा असते, शनिवार-रविवारचं पटकन भरतं, आणि घ्यायची ती सकाळची वेळ. सुट्टीच घेऊ शकत नसाल आणि रविवारच मिळत असेल तर सरळ कास सोडा आणि वर सांगितलं ते चाळकेवाडीचं पठार करा, फुलं तिथंही येतात.

आणि एक, फोटोत दिसतो तसा रंगांचा गालिचा डोक्यात ठेवून गेलात तर अर्धे लोक म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, "एवढंच?" कास हे उभं राहून बघायचं नाही, उकिडवं बसून बघायचं. हा सगळा जांभ्याचा कातळ, त्यावर मातीचा थर अगदी पातळ, मुळं खोल जायला जागाच नाही, त्यामुळं झाडं बोटभर आणि सगळा कारभार पावसाच्या दोन-चार महिन्यांत उरकायचा. मातीत कस नाही म्हणून काही झाडं किडे खातात. दवबिंदू नावाचं एक आहे, लालसर पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब, त्यावर एखादं चिलट अडकलेलं दिसतं आणि पान त्याच्याभोवती हळूहळू वळत असतं. त्याच्या शेजारीच निळसर-जांभळी सीतेची आसवं, तीही किडे खाणारीच, नावावरून वाटत नाही. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, आणि पिवळी स्मिथिया, जिला सगळी पोरं मिकी माऊस म्हणतात आणि दिसतेही तशीच. वायतुरा दिसला तर नशीब समजा, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदा फुलते, तिच्यासाठी आधी चौकशी करूनच जा. पायवाट सोडायची नाही, एक पाऊल बाहेर म्हणजे बोटभर उंचीची दहा झाडं गेली. आणि तिथून जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जा, पांढरी झालरवाली फुलं पाण्यावर, गर्दीतले फार थोडे तिथवर येतात कारण चालायला लागतं.

कासवरून तसंच पुढं गेलं की आधी कास तलाव, मग घाट उतरून बामणोली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. इथं बोटी मिळतात. दोघंच जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, बोटीचं भाडं माणशी नाही, आख्ख्या बोटीचं असतं, म्हणून काठावर थोडं थांबून दुसरी एखादी फॅमिली किंवा ग्रुप गाठा आणि वाटून घ्या, लाजू नका, सगळे तेच करतात. वासोट्याचा किल्ला करायचा असेल तर तो वेगळा पूर्ण दिवस द्या. वनखात्याची परवानगी, ओळखपत्र, मग तासा-दीड तासाची बोट, मग जंगलातली चढण आणि अंधाराच्या आत परत. पावसाळ्यात बंद असतो. थंडीत जा, डिसेंबरमध्ये सकाळी बोटीत बोटं गोठतात पण पाण्यावरून वाफ निघत असते. प्लॅस्टिक नेऊ नका, तपासतात. नवऱ्याचं हे सगळ्यात आवडतं, माझं म्हणाल तर मी बामणोलीत काठावर भाकरी-पिठलं खाऊन परत यायला तयार असते.

माझं आवडतं लिंब. पुण्याच्या बाजूला हायवेवरून आत वळायचं, गाव लागतं, आणि शेतातून गेलं की बारा मोटेची विहीर. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ मध्ये, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, तसा शिलालेख आहे. एका वेळेला बारा मोटा (बैलांनी ओढायच्या पाणी उपसायच्या चामडी पिशव्या) चालायच्या आणि पाणी आमराईला. वरून बघितली तर महादेवाच्या पिंडीसारखा आकार, मुख्य भाग अष्टकोनी. पण वरून बघून जाऊ नका, जिन्यानं खाली उतरा. मधे चक्क महाल आहे, विहिरीच्या पोटात, खांबांवर गणपती, हनुमान, घोडेस्वार कोरलेले, आणि वर परत गेलं की मोटेच्या जागा आणि बसायची दगडी बैठक. इथंच वेळेचं गणित आहे, ऊन डोक्यावर आलं की उजेड आतल्या पाण्यापर्यंत पोचतो, म्हणून साडेअकरा-बाराला जा, एरवी जी वेळ कुठंच जायची नसते ती. एप्रिल-मेमध्ये बाहेर अंग भाजत असतं आणि आत गार. कडेला काही ठिकाणी कठडा नाही, लहान मुलं असतील तर हात धरा. जवळच कृष्णेच्या पात्रात कोटेश्वराचं मंदिर आहे, तेही करून या.

संगम माहुली फार लांब नाही, पाच किलोमीटर. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, शाहू महाराजांची समाधी, त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी इथं आहे. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे नदीपलीकडच्या क्षेत्र माहुलीचे. संध्याकाळी पाचनंतर तासभर, बास.

पाटेश्वर कोणी सांगत नाही म्हणून सांगते. एमआयडीसीकडून देगावला, मग डोंगर चढून. वर एक पुष्करणी आणि शिवलिंगं किती आणि कसल्या कसल्या आकाराची, लेण्यांत, भिंतींवर, कोपऱ्यात, मोजायच्या भानगडीत पडू नका. अग्नीवृष नावाची एक वेगळीच मूर्ती आहे ती शोधा. सोमवार आणि श्रावण टाळा, बाकी दिवशी बहुतेक वेळा तुम्ही दोघंच असता. टॉर्च न्या.

एक दिवस मोकळा असेल तर वाई, साधारण ३५ किलोमीटर. घाटावरचा ढोल्या गणपती १७६२ चा, सरदार रास्त्यांनी बांधलेला. समोरून नमस्कार करून झाला की देवळाच्या मागं जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पूर आला की कृष्णेचं पाणी दोन बाजूंना फुटून जावं म्हणून. अडीचशेपेक्षा जास्त वर्षं देऊळ त्यावर उभं आहे. मग मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागं चंद्रकोरीसारखा घाट. घाटावर छोट्या देवळात टांगलेली घंटा नीट बघा, ती चर्चची आहे, पोर्तुगीजांवरच्या वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आणलेली. इथं शूटिंग फार होतात, एखाद्या दिवशी घाट अडवलेला असू शकतो, सकाळी गेलात तर बरं.

राहायचं तर शहरातच राहा, यवतेश्वर-कासकडची रिसॉर्ट छान आहेत पण तिथून बाकी सगळीकडं जायला रोज घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात गाडीचे फॉग लॅम्प आणि वायपर बघून निघा, कासच्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये दुपारी तीनलाही हेडलाइट लागतात. बाईकवर येणार असाल तर रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या, पोंचो वाऱ्यानं उडून मागच्याच्या तोंडावर येतो, मागं कायम मी असते म्हणून सांगतेय. टाकी शहरातच फुल्ल करा, वर पेट्रोलच्या भरवशावर राहू नका. आणि कंदी पेढे आल्या आल्या घेऊ नका, परत निघायच्या दिवशी सकाळी घ्या, ताजे मिळतात आणि फ्रीजशिवाय चार दिवस आरामात टिकतात, रंग जितका तपकिरी तितका खवा जास्त परतलेला, पांढरट दिसला तर दुसऱ्या दुकानात जा.