रान बंद झालं तर: ठराव, मोर्चा आणि कमरेचा कोयता

गावालगतच्या रानाला चर खणून तारा ओढल्या आणि ‘चराई व प्रवेश बंद’ असा फलक लागला, की त्याच संध्याकाळी पारावर दोन तट पडतात. म्हातारे म्हणतात अर्ज देऊ, पोरं म्हणतात तारा तोडू. तारा तोडायला दहा मिनिटं पुरतात. पुढच्या कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षं चालतात, आणि मूळ प्रश्न राहतो तिथंच.

आधी फलकाचा फोटो काढा. वनरक्षकाकडून कंपार्टमेंट नंबर (वनखात्यानं रानाच्या तुकड्याला दिलेला क्रमांक) आणि तलाठ्याकडून गट नंबर लिहून घ्या. बंदीच्या आदेशाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, मुदत 30 दिवस. जमीन कोणती, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. महसुली गायरान असेल, वन म्हणून नोंद नसेल, तर वनहक्क कायदा लागू होत नाही, ते भांडण जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायचं. नुसती नव्या रोपवनापुरती चराईबंदी असेल तर आंदोलनाची घाई नको. पाणवठ्यापर्यंतची वाट आणि गवत कापून नेण्याची मुभा एवढं बोलणीत मिळालं तरी गुरं जगतात.

जमीन वनखात्याची आणि गावाची वहिवाट जुनी असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा टाका. चराईचा हक्क कलम 3(1)(घ) मध्ये स्पष्ट आहे. सामूहिक हक्क आणि सामूहिक वनसंसाधन (गावाच्या परंपरागत वापरातलं सगळं रान) यांचे नमुने वेगळे असतात, दोन्ही भरा. बहुतेक गावं पहिला भरून थांबतात आणि रान राखण्याचा, त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क हातचा घालवतात. पुरावे किमान दोन हवेत. विदर्भात निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या रानवापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद मिळते. इतरत्र दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, देवराई, मसणवटा, जुने पाणवठे चालतात. गुरं कोंडवाड्यात घातल्याच्या, चराईचा दंड भरल्याच्या जुन्या पावत्या फेकू नका. खात्यानं दंड घेतला याचा अर्थ गुरं तिथं चरत होती, आणि तारीख खात्याच्याच हातची आहे.

दावे अडतात ते बहुधा गणपूर्तीवर. ग्रामसभेचे सदस्य 300 असतील तर किमान 150 हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया, म्हणजे 150 मध्ये 50. सभा चाळिसांची आणि सह्या नंतर घरोघर फिरवून घेतलेल्या, हा प्रकार दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला एका नजरेत कळतो: एकच पेन, एकच हस्ताक्षर, अंगठेही एकाच ओळीत. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध किंवा समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला 60 दिवस असतात, ते मोजत राहा. दावा पडताळून होईपर्यंत जमिनीवरून हुसकावता येत नाही असं कलम 4(5) सांगतं, पण ते ताब्यातल्या, कसत्या जमिनीबद्दल आहे. चराईसाठी त्याच्यावर विसंबू नका.

आता मोर्चा. घटनेनं जमण्याचा हक्क दिला तो ‘शांततेने व विनाशस्त्र’. अडचण अशी की रानातल्या माणसाच्या कमरेला कोयता आकडीत अडकवलेला असतोच. त्याच्या लेखी ते हत्यार नव्हे. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र ते ‘घातक शस्त्र’ होतं. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव ठरला आणि दंगल झाली, तर प्राणघातक शस्त्र बाळगणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या 191(3) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय कलम 190 मुळे एकानं दगड मारला तरी समान उद्देशाच्या नावाखाली सगळे गुंततात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा आदेश चालू असेल तर काठ्या बाळगणं आणि दगड गोळा करणंही बंद. म्हणून निघण्यापूर्वी ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या, असा आदेश आहे का ते विचारा. झेंड्याला काठी लावू नका, फलक कापडाचा, दोन टोकांना धरायचा.

कोयते देवळात जमा करा. प्रत्येकाच्या मुठीला नावाची चिंधी, सगळे एका पोत्यात, पोतं शिवून. शंभर माणसांमागे दहा स्वयंसेवक, दंडाला एकाच रंगाची पट्टी. प्यालेल्याला घरी परत पाठवा, मग तो सरपंचाचा भाऊ का असेना. माणशी 3 लिटर पाणी. गुरं बरोबर नेऊ नका: एक कालवड चर ओलांडून आत गेली की मालक मागे धावतो, वनरक्षक त्याला धरतो, आणि ढकलाढकली तिथून सुरू होते. रेटारेटी दिसली की स्वयंसेवकानं हात वर करायचा आणि सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं. याची तालीम आदल्या दिवशी दोनदा घ्या, कारण सांगून कुणी बसत नाही, सवयीनं बसतं. दोन मोबाइल सतत चित्रण करतील, एक पुढून, एक मागून. अटक झालीच तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायला हवं. नावांची आणि औषधांची यादी गावात मागे राहणाऱ्याकडे द्या. कोऱ्या पंचनाम्यावर सही नाही.

कायदा मुद्दाम मोडून अटक करून घेणं हा वेगळा मार्ग आहे. 10 जुलै 1930 ला पुसदजवळ बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं, ते जाहीर करून, शिक्षेची तयारी ठेवून. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला आताच्या रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. आठ हुतात्मे झाले आणि मामलेदार जोशीही मेले. गर्दी, तोडीची अवजारं आणि बंदुका एकाच माळावर आल्या की पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही.

बंदुका घेऊन बसण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. 2 जानेवारी 2016 ला ओरेगनमधल्या मॅल्हूर अभयारण्याचं कार्यालय, संघ सरकारनं जमिनी सोडाव्यात म्हणून, सशस्त्र लोकांनी बळकावलं. 41 दिवस चाललं, त्यांच्यातले लव्हॉय फिनिकम पोलिसांच्या गोळीबारात गेले, जमीन संघ सरकारकडेच राहिली. म्होरक्यांना ज्युरीनं ऑक्टोबरमध्ये निर्दोष सोडलं हेही खरं, पण चराईच्या हक्कात इंचभरही फरक पडला नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला मात्र 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनसंसाधनाचा हक्क मिळाला, तो ग्रामसभेच्या कागदांवर.

मार्च 2018 चा नाशिक ते मुंबई किसान मोर्चा वनजमिनीच्या मागणीसाठीही होता. दहावीच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा लोक रात्री चालले, आणि शहर त्यांच्या बाजूनं झालं. सरकारनं लेखी आश्वासन दिलं. तुम्हालाही तोंडी शब्द मिळाला तर उठू नका: बैठकीचं इतिवृत्त, त्यावर जावक क्रमांक आणि पुढची तारीख मागा. ते हातात आल्यावर देवळात जाऊन पोतं उसवा आणि चिंधीवरचं नाव वाचून ज्याचा कोयता त्याला द्या.