मोटरसायकल चालवताना होणारी पाठदुखी कशी कमी करावी

रोज मोटरसायकलवरून कामाला जाणाऱ्यांची पाठ दुखू लागली, की बहुतेक जण कमरेचा पट्टा घेतात किंवा सीटमध्ये जास्तीचा फोम भरून घेतात. दुखण्याचे मूळ मात्र बरेचदा बसण्याच्या पद्धतीत आणि मागच्या शॉकअपमध्ये असते, म्हणून खर्च करण्यापूर्वी या दोन गोष्टी पाहाव्यात.

सीटवर मागे सरकून, हात ताणून बसले की कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन पाठीला पोक येतो आणि खड्ड्यांचे धक्के थेट मणक्यांमधल्या गाद्यांवर बसू लागतात. त्यासाठी टाकीच्या जवळ बसावे, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरावी, कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत आणि पुढे झुकायचे झाल्यास पाठ गोल न करता खुब्यातून झुकावे. खड्डा किंवा गतिरोधक दिसताच वेग कमी करून फूटरेस्टवर पाय रोवावेत आणि सीटवरून जरासे उठावे, म्हणजे धक्का कण्याऐवजी गुडघे झेलतात. लॅपटॉपची जड सॅक खांद्यावर न घेता मागच्या सीटवर घट्ट बांधावी; एवढ्या एका बदलानेही अनेकांना आराम पडतो.

आता शॉकअप. मागे दोन शॉकअप असलेल्या बहुतेक साध्या गाड्यांमध्ये स्प्रिंगच्या टोकाशी खाचा असलेली कडी असते आणि ती हुक पान्याने फिरवून स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. एकट्यासाठी ताण कमी आणि मागे कोणी बसणार असेल तर जास्त ठेवावा. दोन्ही बाजूंची खाच मात्र एकच असावी. दोघांसाठी कडक केलेली गाडी एकटाच चालवत राहिला, तर प्रत्येक खड्डा कमरेत जाणवणारच. सीट जोराने दाबून सोडावी: गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा हिंदकळली किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलेले दिसले, तर तो बदलण्याच्या लायकीचा झाला आहे. टायरमधली हवाही कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच भरून घ्यावी, कारण हवा जास्त झाली की टायर दगडासारखा कडक होतो.

लांबच्या प्रवासात तासाभराने खाली उतरावे, चार पावले चालावे आणि कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाकावे. घरी मार्जारासन आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे ताण देणारे व्यायाम नियमित करावेत. पट्ट्याने थोडा वेळ आधार मिळतो, पण पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करण्याचे काम तो करू शकत नाही.

कळ नितंबापासून पोटरीपर्यंत उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर गाडी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. जांघेचा भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी तातडीने रुग्णालय गाठावे.