परवान्याने पिस्तूल बाळगणारे आणि गुन्ह्यांचे प्रमाण : टेक्सासची आकडेवारी कशी वाचावी

परवान्याने पिस्तूल बाळगणारे लोक इतरांपेक्षा कमी गुन्हे करतात की जास्त, हे तपासायचे असेल तर अमेरिकेतील टेक्सास राज्यापासून सुरुवात करावी. तिथे १९९६ पासून असे परवाने मिळू लागले आणि राज्याचा सार्वजनिक सुरक्षा विभाग परवानाधारकांच्या दोषसिद्धीचे तक्ते वर्षवार प्रसिद्ध करतो. प्रत्येक ओळीत गुन्ह्याचा प्रकार, राज्यातील एकूण दोषसिद्धी, त्यांपैकी परवानाधारकांची संख्या आणि टक्केवारी दिलेली असते.

ही शेवटची टक्केवारी, जी अनेकदा एक टक्क्याहूनही कमी असते, ती तशीच उचलून निष्कर्ष काढू नये. ती गुन्ह्यांतील वाटा सांगते, गुन्ह्यांचा दर नव्हे. म्हणून आधी लोकसंख्येतील वाटा काढावा. २०२० च्या सुमारास राज्यात परवानाधारक सोळा लाखांच्या आसपास आणि २१ वर्षांवरील प्रौढ साधारण दोन कोटी होते. म्हणजे परवानाधारकांचा वाटा सुमारे आठ टक्के. समजा, एखाद्या वर्षी दोषसिद्धीत त्यांचा वाटा अर्धा टक्का आला, तर त्यांचा दर सरासरीच्या सोळाव्या हिश्शाइतका ठरेल. दोषसिद्धीचा एकूण आकडा नेमक्या कोणत्या वयोगटाचा आहे, हे मात्र पाहून घ्यावे, कारण तेव्हा परवान्यासाठी सर्वसाधारणपणे किमान वय २१ होते.

तक्त्याच्या काही ओळी बाजूलाच काढाव्या लागतात. ‘परवानाधारकाने बेकायदा पिस्तूल बाळगणे’ हा गुन्हा परवानाधारकाशिवाय कोणी करूच शकत नसे. त्या ओळीतून तुलना निघत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला परवाना मिळत नाही आणि मध्यम स्वरूपाच्या गुन्ह्यांसाठी मागील पाच वर्षे तपासली जातात. एका बाजूला असा गाळून निवडलेला गट आणि दुसऱ्या बाजूला जुन्या गुन्हेगारांसह सगळी जनता, ही बरोबरीची तुलना नव्हे. माझ्या मते परवानाधारकांचा कमी दर खरा आहे, पण तो परवान्यामुळे किंवा पिस्तुलामुळे आला असे त्यावरून म्हणता येत नाही. निदान वय, लिंग आणि पूर्वीची नोंद सारखी असलेल्या बिगरपरवानाधारकांशी तुलना करावी.

याच दराच्या आधारे ‘बाळगण्याचे कायदे सैल केल्याने गुन्हे घटतात’ असे विधान तर मुळीच करू नये. तो निराळा प्रश्न आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये उपलब्ध पुराव्यांवरून तसा निष्कर्ष निघत नसल्याचे म्हटले, तर संशोधक जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात असे कायदे झालेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, कायदे झाले नसते तर जितके असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी जास्त आढळले. परवानाधारकाच्या गाडीतून चोरीला गेलेले पिस्तूल पुढे दरोड्यात वापरले गेले, तर त्याची नोंद परवानाधारकाच्या दोषसिद्धीत होत नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. त्यामुळे परवाना घेणाऱ्यांचा गटच बदलतो आणि त्याआधीचे व नंतरचे आकडे एकाच आलेखात सलग जोडणे टाळावे.